अध्यापकाची परीक्षा

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण राजापुढें येतें. दोघांपैकीं श्रेष्ठ कोण, हा वाद. निवाड्याचें काम पंडिता कौशिकीकडे येतें, आणि ती जो निकष लावते तो अध्यापनशास्त्रावरील कोणत्याहि आधुनिक ग्रंथास शोभेल. स्वतःपाशीं विद्या असणें ही एक गोष्ट व ती दुसऱ्यास देतां येणें ही दुसरी. ज्याला दोन्ही साधलीं तो खरा आचार्य. तेव्हां आचार्यांचा वादविवाद ऐकण्यापेक्षां त्यांच्या शिष्यांचें नृत्य पाहावें, असें ठरतें. परंतु प्रेक्षकास एक गोष्ट ठाऊक असते, ती बिचाऱ्या गणदासास ठाऊक नसते. हें भांडण विदूषकानें मुद्दाम पेटविलेलें आहे. राजास आचार्यांच्या गुणावगुणांशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याला केवळ मालविका दृष्टीस पडावयास हवी आहे. निकष निर्दोष, पण परीक्षा भरविणाराचा हेतु निराळाच!

विद्यापीठांतील अध्यापनाचें मोजमाप करण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांचा इतिहास चाळतांना या प्रवेशाची आठवण होते. या इतिहासांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मोजावयाचें काय, हा पहिला. आणि मोजून त्याचें करावयाचें काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली आहे. दुसरा मात्र बहुधा न विचारतांच सोडविला गेला, आणि आजच्या घोटाळ्याचें मूळ माझ्या मतें तेथेंच आहे.

शिष्यांनीं गुरूची परीक्षा घ्यावी ही कल्पना आजची नव्हे. बाराव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील बोलोन्या या नगरांत कायद्याच्या अध्ययनासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून जे विद्यार्थी जमले, त्यांनीं आपले संघ स्थापन केले. परक्या गांवीं राहणाऱ्या माणसांस परस्परांचा आधार असावा, हा या संघांचा मूळ हेतु. पण अध्यापकांचें उत्पन्न विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून असल्यामुळें लवकरच त्यांच्यावरहि संघाचा अंमल बसला. त्या संघांचे नियम आज वाचले म्हणजे मौज वाटते. अध्यापकास एका दिवसाची रजादेखील परवानगीवांचून मिळत नसे. घंटा झाली कीं व्याख्यान सुरू झालें पाहिजे व पुढची घंटा झाली कीं तें संपलें पाहिजे. ग्रंथांतील अवघड भाग 'पुढें पाहूं' म्हणून टाळण्याची सोय नव्हती. कोणता भाग कोणत्या तारखेपर्यंत पुरा करावयाचा हें आधींच ठरलेलें असे. नेहमींच्या व्याख्यानास पांच श्रोतेहि जमले नाहींत तर अध्यापक गैरहजर होता असें समजून त्यास दंड होई. दंडाची वसुली सुलभ व्हावी म्हणून त्याच्याकडून कांहीं रक्कम अगोदरच अनामत ठेवून घेत, आणि नियमभंगाची वार्ता देण्यासाठीं विद्यार्थ्यांतूनच गुप्त निरीक्षक नेमीत.

या सर्व खटाटोपांत काय मोजलें जात होतें? हजेरी, वक्तशीरपणा आणि नेमलेल्या भागाची पूर्तता. शिष्यास कायदा समजला किंवा कसें, याचा त्यांत पत्ता नव्हता. पुढें नगराच्या तिजोरींतून अध्यापकांस वेतन मिळूं लागलें आणि विद्यार्थ्यांची सत्ता हळूहळू ओसरली. ज्याच्या हातीं पैसा त्याच्या हातीं मोजपट्टी, हें त्या नगरानें सर्वांत आधीं दाखविलें.

पैशाच्या या नात्याचा विचार ॲडम स्मिथ यानें १७७६ सालच्या आपल्या 'राष्ट्रांची संपत्ति' या ग्रंथांत केला. तरुणपणीं, १७४० पासून १७४६ पर्यंत, तो ऑक्सफर्डला शिकत होता. आणि तेथील बहुतेक प्राध्यापकांनीं शिकविण्याचें सोंगहि सोडून दिलें आहे, अशी कडवट तक्रार त्यानें ग्रंथांत नोंदविली. कारण त्याच्या दृष्टीनें उघड होतें. शिष्य शिकले काय किंवा न शिकले काय, प्राध्यापकाचें वेतन तेंच. उलट ग्लासगो येथें तो स्वतः प्राध्यापक असतां त्याच्या उत्पन्नाचा एक भाग विद्यार्थ्यांच्या फीचा असे. आणि १७६४ सालीं वर्षाच्या मध्येंच काम सोडण्याचा प्रसंग आला तेव्हां त्यानें ती फी विद्यार्थ्यांस परत केली. स्मिथचें हें अर्धें मत सर्वांस माहीत असतें. उरलेल्या अर्ध्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. बाहेरच्या अधिकाऱ्यानें अध्यापकावर देखरेख ठेवावी, हा उपाय त्याला मुळींच पसंत नव्हता. असा अधिकारी फार तर तास मोजूं शकेल. शिकविणें कसें झालें हें ठरविण्याची पात्रता त्याच्या अंगीं नसते. आणि अशा लहरी देखरेखीखालीं वावरणाऱ्या माणसाचें तेज नष्ट होतें, असें तो म्हणतो.

आधुनिक अर्थानें अध्यापनाचें मोजमाप सुरू झालें तें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत, अमेरिकेंत. मानसशास्त्र त्या वेळीं मोजपट्ट्यांच्या नादांत होतें. बुद्धि, स्वभाव, कल, सारेंच अंकांत मांडतां येईल असा विश्वास सर्वत्र पसरला होता. त्या वातावरणांत वॉशिंग्टन विद्यापीठांत एडविन गथ्री यानें, आणि इंडियाना राज्यांतील पर्ड्यू विद्यापीठांत ब्रँडेनबर्ग व हर्मन रेमर्स यांनीं, विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांविषयीं पद्धतशीर अभिप्राय घेण्यास आरंभ केला. पर्ड्यूची अभिप्रायपत्रिका १९२७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दहा गुणांची यादी होती: विषयाची आस्था, विद्यार्थ्यांविषयीं सहानुभूति, गुणदानांतील निःपक्षपात, उदार व प्रगतिशील वृत्ति, विषयाची मांडणी, तारतम्य व विनोदबुद्धि, आत्मविश्वास, अंगच्या लकबी, बाह्य स्वरूप, आणि शेवटीं जिज्ञासा जागृत करण्याचें सामर्थ्य. पहिले नऊ गुण पाहिले तर ते सर्व फळ्यापुढें उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. बाकांवर बसलेल्याच्या मनांत काय घडलें याकडे बोट दाखविणारा असा एकच गुण यादींत आहे, आणि तो शेवटचा.

रेमर्स हा सावध संशोधक होता, हें मात्र सांगितलें पाहिजे. ज्यांना चांगले गुण मिळतात तेच गुरूस चांगला म्हणतात काय, हें त्यानें तपासलें. तसा ठळक संबंध त्याला आढळला नाहीं. विद्यार्थी पोरवयाचे असतात, संसारांत पडल्यावर त्यांचें मत पालटेल, हा आक्षेपहि त्यानें बाजूस सारला नाहीं. पदवी घेऊन दहा वर्षें झालेल्यांचीं मतें विद्यमान विद्यार्थ्यांच्या मतांशीं त्यानें ताडून पाहिलीं, आणि तीं बरीचशीं जुळतात असें १९५१ सालीं प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांचें मत म्हणजे वाऱ्यावरची वरात नव्हे, हें एवढ्यानें सिद्ध झालें. अध्यापकानें त्या मताच्या आरशांत आपलें रूप पाहावें, पागोटें वांकडें असेल तर नीट करावें, इतपत उपयोगास ती पत्रिका पुरेशी होती.

पण आरसा आरसा राहिला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील विद्यापीठें झपाट्यानें वाढलीं. १९६२ सालीं मिशिगन विद्यापीठानें अध्ययन व अध्यापन यांच्या संशोधनासाठीं स्वतंत्र केंद्र काढलें. हा झाला सुधारणेचा मार्ग. त्याच दशकांत विद्यार्थ्यांच्या चळवळींनीं विद्यापीठांच्या कारभारांत आपला आवाज मागितला आणि अभिप्रायपत्रिका ही त्या आवाजाची एक सोईस्कर वाट ठरली. कारभाऱ्यांसहि ती आवडली. नेमणूक कायम करावी कीं न करावी, बढती द्यावी कीं न द्यावी, अशा अवघड निर्णयांस तिच्यांतून एक आंकडा मिळूं लागला, आणि आंकड्याशीं कोणी वाद घालीत नाहीं. पीटर सेल्डिन यांनीं केलेल्या पाहण्यांत असा अभिप्राय उपयोगांत आणणाऱ्या महाविद्यालयांचें प्रमाण १९७३ सालीं शेंकडा २९ होतें, १९८३ सालीं ६८, आणि १९९३ सालीं ८६. वीस वर्षांत आरशाचा तराजू झाला.

त्या तराजूची पारख करणारा पहिला प्रसिद्ध प्रयोग जवळजवळ प्रहसनासारखा होता. १९७० सालीं कॅलिफोर्नियांतील तीन संशोधकांनीं एका नटास डॉ. मायरन फॉक्स हें नांव दिलें, गणिती क्रीडा-सिद्धान्ताचा वैद्यकीय शिक्षणाशीं संबंध जोडणाऱ्या विषयावर व्याख्यान पाठ करविलें, आणि त्यांत परस्परविरोधी विधानें, नवे बनविलेले शब्द व असंबद्ध विनोद यांची रेलचेल करावयास सांगितलें. नटाला विषयाचें कांहींच ज्ञान नव्हतें. श्रोते होते मानसोपचारज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजसेवेचे शिक्षक. प्रत्यक्ष व्याख्यान अकरा जणांनीं ऐकलें; पुढें त्याची चित्रफीत आणखी चव्वेचाळीस जणांस दाखविली. बहुतेकांनीं व्याख्यान विचारप्रवर्तक असल्याचा अभिप्राय दिला. सोंग एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. आपल्याकडे कीर्तनाचा रंग आणि कीर्तनाचा बोध यांतील अंतर जुन्या श्रोत्यांस चांगलें ठाऊक असे; तेंच या पंचावन्न विद्वानांच्या नजरेंतून निसटलें. अर्थात् हा प्रयोग लहान होता व एका व्याख्यानापुरता होता. वर्षभर एका प्राध्यापकासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांस तो सरळसरळ लागू करतां येणार नाहीं.

त्यासाठीं निराळी कसोटी हवी होती. एकाच विषयाच्या अनेक तुकड्या निरनिराळे प्राध्यापक शिकवितात व सर्वांची परीक्षा मात्र एकच असते, अशा ठिकाणीं ज्यास विद्यार्थी उत्तम म्हणतात त्याची तुकडी परीक्षेंतहि पुढें असते काय, हें पाहतां येतें. पीटर कोहेन यांनीं १९८१ सालीं अशा ६८ अभ्यासक्रमांवरील संशोधन एकत्र केलें. दोहोंच्या संबंधाचें मान त्यांना ०.४३ आढळलें. शून्य म्हणजे कांहींच संबंध नाहीं व एक म्हणजे पूर्ण संबंध, हें ध्यानांत घेतलें तर हा मध्यम संबंध झाला, आणि पुढील पस्तीस वर्षें तोच आंकडा पत्रिकेच्या कैवाऱ्यांचें मुख्य शस्त्र होता. २०१७ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं जुनें व नवें संशोधन पुनः तपासलें. थोड्या तुकड्यांवर आधारलेल्या अभ्यासांनीं तो संबंध फुगविला होता. अशा अभ्यासांचा दोष वजा केल्यावर अभिप्राय व शिकणें यांत म्हणण्यासारखा संबंध उरत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पण या विषयांतील सर्वांत विचार करावयास लावणारें काम कोलोराडो राज्यांतील अमेरिकन वायुदलाच्या विद्यालयांत झालें आहे. तेथें गणितासारखे विषय सर्वांस आवश्यक असतात. विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या तुकडींत जाईल हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका सर्वांस एकच असतात. म्हणजे हुशार मुलें नांवाजलेल्या प्राध्यापकाकडे गेलीं म्हणून निकाल चांगला लागला, असें म्हणण्यास जागाच नाहीं. स्कॉट कॅरेल व जेम्स वेस्ट यांनीं तेथील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती घेऊन २०१० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षीं ज्यांच्या तुकड्यांनीं परीक्षेंत चांगले गुण मिळविले, त्या प्राध्यापकांस विद्यार्थ्यांनीं अभिप्रायहि चांगला दिला. येथवर सारें ठीक. पण संशोधक तेथें थांबले नाहींत. त्या विषयावर आधारलेल्या पुढील वर्गांत तेच विद्यार्थी कसे ठरले, हें त्यांनीं पाहिलें. तेथें चित्र पालटलें. ज्यांना अभिप्राय उत्तम मिळाला होता त्यांचे शिष्य पुढें मागें पडले. अधिक अनुभवी व अधिक शिकलेल्या प्राध्यापकांच्या तुकड्यांस आरंभीं गुण कमी मिळाले होते, अभिप्रायहि थंड होता. परंतु पुढच्या पायरीवर त्यांचेंच पाऊल अधिक स्थिर पडलें. परीक्षेपुरतें शिकविणें आणि विषयाचा पाया खोल खणणें यांतील हा फरक असावा, असें संशोधकांनीं सुचविलें आहे. मिलान येथील बोकोनी विद्यापीठांतील माहितीवरून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्षहि याच दिशेचा आहे. त्यांत भर अशी कीं, अभिप्राय घेण्याच्या दिवशीं पाऊस असेल तर प्राध्यापकाचे गुण उतरतात.

पावसाला कोणी पक्षपाती म्हणणार नाहीं. माणसांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. उत्तर कॅरोलिनांतील एका विद्यापीठांत पत्रद्वारां शिकविल्यासारखा, म्हणजे शिक्षकाचें तोंड न दिसतां दूरस्थ पद्धतीनें चालणारा एक अभ्यासक्रम होता. तेथें एक पुरुष व एक स्त्री अशा दोन साहाय्यकांनीं प्रत्येकीं एका गटास स्वतःच्या नांवानें व दुसऱ्या गटास एकमेकांच्या नांवानें शिकविलें. उत्तरें तपासून परत देण्याची वेळ सर्व गटांस एकच होती. तरीहि तत्परतेबद्दल पुरुषाच्या नांवास पांचांपैकीं ४.३५ व स्त्रीच्या नांवास ३.५५ गुण मिळाले. हा अभ्यास २०१५ सालचा आहे. विद्यार्थी थोडे होते हें खरें. पण घड्याळानें ठरणाऱ्या गोष्टींतहि नांव आड यावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, विद्यार्थ्यांस कळत नाहीं असेंच तुम्हांस म्हणावयाचें आहे. तसें मुळींच नाहीं. प्राध्यापक वेळेवर येतो काय, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोंचतो काय, शंका विचारणाऱ्यास तो अपमानित करतो काय, या गोष्टी विद्यार्थ्यांइतक्या दुसऱ्या कोणासहि ठाऊक नसतात. बोलोन्याच्या संघांनीं जें मोजलें त्यांतील पुष्कळसें आजहि त्यांनींच मोजावें. परंतु 'मी शिकलों' ही भावना आणि शिकणें, या दोन वस्तु एक नव्हेत. हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत केलेला व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग याचा निर्णायक पुरावा देतो. एकच भाग एका गटास ओघवत्या व्याख्यानानें शिकविला. दुसऱ्या गटास आधीं स्वतः उदाहरणें सोडवावयास लावून, मग उकल दाखवून शिकविला. दुसऱ्या गटास परीक्षेंत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलों असें त्यालाच वाटलें! कारण सरळ आहे. व्याख्यान ऐकतांना वाट गुळगुळीत वाटते. स्वतः चालूं लागलें म्हणजे ठेंचा लागतात, आणि ठेंच म्हणजे प्रगति असें पायांस कधींच वाटत नाहीं.

आपल्याकडे या प्रश्नाचें स्वरूप थोडें निराळें आहे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं लंडनच्या नमुन्यावर निघालीं, तीं परीक्षा घेण्यासाठीं. शिकविण्याचें काम महाविद्यालयांकडे होतें. त्यामुळें अध्यापकाची किंमत त्याच्या वर्गाच्या निकालावरून करण्याची संवय आपल्या समाजांत खोल रुजली. १९९४ सालीं बंगळूर येथें राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद् स्थापन झाली, आणि २०१७ च्या तिच्या सुधारित पद्धतींत विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या पाहणीचा अंतर्भाव झाला. 'समाधान' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. भोजनगृहांतून बाहेर पडतांना समाधान विचारणें योग्य. भूमितीचा सिद्धान्त प्रथमच भेटलेल्या मुलाचें त्या क्षणीं समाधान न होणें हेंच कित्येकदां चांगल्या अध्यापनाचें लक्षण असतें.

यांत ज्याचें खरोखर नुकसान होऊं शकतें तो वयोवृद्ध प्राध्यापक नव्हे. आज महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण अध्यापक आहेत. त्यांची नेमणूक वर्षापुरती, वेतन तासांवर. अशा माणसाच्या हातीं अभिप्रायाची पत्रिका पडते तेव्हां तींत तो आपलें रूप पाहत नाहीं, पुढील वर्षाची भाकरी पाहतो. मग कठीण उदाहरण वर्गापुढें टाकून दहा मिनिटें शांतपणें वाट पाहण्याचें धैर्य त्यानें कोठून आणावें? तयार उत्तरें लिहवून देणें, परीक्षेंत येणार तेवढेंच सांगणें व हंसतमुख राहणें, हा मार्ग त्याला मोकळा असतो. विद्यार्थी संतुष्ट, संस्था संतुष्ट, कागदावरील आंकडा उत्तम. आणि पुढच्या वर्षाच्या वर्गांत पाया कच्चा. वायुदलाच्या विद्यालयांत जें आढळलें तें दूरदेशचें कुतूहल म्हणून सोडून देतां येत नाहीं, तें यासाठीं.

मग मोजूंच नये काय? मोजावें, पण मोजण्याचा हेतु सुधारणा हा असावा. कोहेन यांनींच १९८० सालीं आणखी एक गोष्ट दाखविली होती, ती त्यांच्या प्रसिद्ध आंकड्याच्या छायेंत झांकली गेली. सत्राच्या मध्यावर अभिप्राय घेऊन तो नुसता प्राध्यापकाच्या हातीं दिला तर फरक थोडाच पडतो. तोच अभिप्राय घेऊन एखादा जाणता सहकारी त्याच्याशीं चर्चेस बसला, काय बदलतां येईल हें दोघांनीं मिळून ठरविलें, तर सुधारणा स्पष्ट दिसते. कागद तोच, फरक संभाषणाचा. टोरोंटो येथील रायर्सन विद्यापीठाच्या वादांत २०१८ सालीं लवादानें असा निर्णय दिला कीं, बढती वा कायम नेमणूक ठरवितांना विद्यार्थ्यांच्या पाहणीचा आंकडा अध्यापनाच्या परिणामकारकतेचें माप म्हणून वापरूं नये. त्या विद्यापीठाचें नांव पुढें बदललें. निर्णयांतील विवेक सर्वांच्याच उपयोगाचा आहे. आपल्या महाविद्यालयांतहि अभिप्राय सत्राच्या अखेरीस न घेतां मध्यावर घ्यावा, तो प्रथम त्या अध्यापकानेंच पाहावा, एका ज्येष्ठानें एका तरुणाच्या वर्गांत व एका तरुणानें ज्येष्ठाच्या वर्गांत जाऊन बसावें, आणि पहिल्या वर्षाच्या अध्यापनाचा हिशेब दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत पाहावा. यांतील कशासहि मोठा खर्च नाहीं.

कौशिकीचा निकष आजहि उणा पडलेला नाहीं: शिष्याला काय करतां येतें तें पाहावें. तें पाहण्याची घाई मात्र करूं नये. आणि हें पाहणें केवळ संस्थांचें काम नव्हे. सत्र सुरू झालें म्हणजे घरोघरीं मुलांस विचारतात, 'प्राध्यापक कसे आहेत? बरे शिकवितात ना?' त्याऐवजीं एखाद्या संध्याकाळीं असें विचारून पाहावें: 'आज वर्गांत अशी कोणती गोष्ट निघाली, कीं जी आधीं मुळींच समजली नाहीं, आणि मग समजली?' ज्या मुलास या प्रश्नाचें उत्तर देतां येईल, त्याला शिकविणारा कोणीतरी भेटला आहे असें समजण्यास हरकत नाहीं.